अंधारात कंदील कोणी नेला?

आप्पा मगदुमांच्या छापखान्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी भांडण असे. भांडणाचा विषय ठरलेला, भांडणारे ठरलेले, मधली भडंगाची परातसुद्धा ठरलेली. मिरजेतल्या चित्रकथाप्रेमींच्या या मंडळाचं नाव ‘चौकट’. मंडळ एक, पण तट दोन. गोष्ट चित्रातच सांगावी आणि शब्दांनी पात्राच्या तोंडापुढच्या फुग्यात गुपचूप बसावं, असं म्हणणारे ते ‘फुगेवाले’. चित्रं छान असतात, पण गोष्टीचा जीव वाक्यात असतो, असं म्हणणारे ते ‘पोथीवाले’. ही नावं अर्थातच एकमेकांनी एकमेकांना ठेवलेली होती.

खुद्द आप्पा उभ्या आयुष्यात चित्रकथा छापत आले आणि तरी ते कट्टर पोथीवाले होते.

“हलवायाच्या पोरानं मिठाई खाल्लेली कधी बघितली का?” असं ते विचारत आणि स्वतःच हसत.

मंडळाचा एकच कडक नियम होता. नुसतं बोलायचं नाही, पान दाखवायचं. कोणी म्हणालं की चित्रातून वास येत नाही, की समोरचा तट ओरडे, “पान दाखवा!” मग ज्यातून वास येतो असं शब्दांचं पान तरी शोधून आणायचं, नाहीतर गप्प बसायचं.

त्या रविवारी मात्र भांडण नेहमीचं नव्हतं. ते थेट खिडकीशी बसलेल्या सन्मती चौगुलेच्या कामावर आलं होतं.

सन्मती प्राणिशास्त्राची पदवीधर. वैद्यकीय पुस्तकांसाठी शरीराच्या आतल्या आकृत्या काढणं हा तिचा पेशा. हृदयाच्या झडपा, कानातली हाडं, तळहाताच्या शिरा. उरलेल्या वेळात ती ‘अंधारवाडी’ काढत असे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात लाव्हारसाने कोरलेल्या बोगद्यांमध्ये एक गाव वसलेलं आहे, आणि त्या गावात वारणा नावाची मुलगी राहते, अशी ती चित्रमालिका. लिहायचा इरफान मुल्ला. सांगलीच्या कॉलेजात भूविज्ञान शिकवणारा, बडबड्या, भावुक माणूस. नऊ वर्षं दोघांनी मिळून ही मालिका चालवली होती. महाराष्ट्रभर तिचे वेडे वाचक होते. आता फक्त शेवटचा भाग उरला होता, आणि इरफान आज म्हणत होता की तो भाग चित्रात होऊ शकत नाही.

“ऐका,” तो म्हणाला आणि त्याने वाचायला सुरुवात केली. “‘कंदील विझला. वारणाने डोळे मिटले, पुन्हा उघडले. काहीच फरक पडला नाही. तिने हात पुढे केला. दगड ओला होता. मग ती चालू लागली, आणि चालणं म्हणजे नुसता हात पुढे करणं झालं.’”

तो वाचत राहिला. वारणा मिट्ट काळोखात एकटी जाते. सगळे ज्याला मेलेला समजतात त्या भावाला शोधत जाते. शेवटी तिचा हात दगडावर न पडता दुसऱ्या हातावर पडतो. तिथे इरफान थांबला. माडीवर कोणी भडंगालाही हात लावला नव्हता.

“आता बोला,” आप्पा म्हणाले. “ह्यो काळोख काढणार कसा? काळी पानं छापू? गिऱ्हाईक म्हणंल, आप्पाचं मशीन बिघडलंय.”

“मी काढते,” सन्मती म्हणाली.

“पान दाखव!” पोथीवाल्यांनी एका सुरात गर्जना केली.

तिच्याकडे पान नव्हतं. तीन महिने तिने प्रयत्न केले होते. रेघ काढली की ती दिसायची, आणि रेघ दिसली की तिथे उजेड आला. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

“भांडू नका,” दारातून आवाज आला. “माझ्याकडे पान आहे. नाही, पान नाही, पान काढणारी टोपी आहे!”

डॉक्टर वैजयंती कोरे. मिरजेतल्याच एका संशोधन केंद्रात मेंदूवर काम करणारी, आणि कुठल्याच तटात नसल्यामुळे दोन्हीकडचं भडंग खाणारी. तिने दमलेल्या श्वासातच सांगून टाकलं. ‘मनदर्शी’ चालू झालं होतं.

*

मनदर्शी म्हणजे काय, हे वैजयंतीने परातीतले शेंगदाणे मांडून समजावलं.

मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा त्यांच्यातून वीज वाहते. वीज वाहिली की चुंबकत्व आलंच. पण ते इतकं क्षीण, की पृथ्वीचं चुंबकत्व त्याच्या कोट्यवधी पट भारी. ते मोजायला तिच्याकडे एक टोपी होती. तिच्यात नखाएवढ्या काचेच्या कुप्या, कुप्यांत रुबिडियम या धातूची वाफ. लेसरच्या उजेडात त्या वाफेतले अणू एका ओळीत उभे राहतात, आणि मेंदूतली इवलीशी चुंबकीय झुळूक आली तरी डुलतात. बाहेरचं चुंबकत्व आत येऊ नये म्हणून ही टोपी जाड पत्र्यांनी मढवलेल्या खोलीत घालायची.

“डोक्याच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र आहे,” ती म्हणाली. “आंबा बघितला की तिथे एक नक्षी उमटते. डोळे मिटून आंबा आठवला, तर तीच नक्षी फिकट उमटते. यंत्राला आधी भरपूर चित्रं दाखवून शिकवायचं, कोणत्या चित्राला कोणती नक्षी. त्याला आम्ही ओळखपरेड म्हणतो. मग तुम्ही इरफानचा परिच्छेद वाचायचा, डोळे मिटायचे, आणि तुम्हाला जे दिसेल ते यंत्र बाहेर पडद्यावर काढून दाखवेल.”

सगळे एकदमच बोलू लागले.

“म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र? खरोखरचं?”

“आमच्या डोक्यात चित्रं असतात, हे सिद्ध होणार!”

“तुमच्या डोक्यात काय असतं, ते गावाला कळणार, भाऊ!”

सन्मतीलाही राहवलं नाही. ती उठून उभी राहिली. माणसाच्या मनातलं चित्र बघायला मिळणार, या कल्पनेने तिच्या अंगावर काटा आला होता. त्या यंत्राचा तिला स्वतःला काही धोका आहे, हे त्या क्षणी तिच्या लक्षातही आलं नाही.

*

धोका पुढच्याच आठवड्यात पडद्यावर उमटला.

केंद्राच्या बाहेरच्या खोलीत सगळं मंडळ दाटीवाटीने उभं होतं. आत आप्पा टोपी घालून बसलेले. घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, सगळं बाहेर काढून ठेवलेलं.

“आप्पा, तोंडात काही आहे का?” वैजयंतीने ध्वनिक्षेपकातून विचारलं.

“दाढ हाय की. स्टीलची.”

“तुमची दाढ मेंदूपेक्षा मोठ्याने बोलतेय. हलू नका, तिचा आवाज मी वजा करते.”

आप्पांनी परिच्छेद वाचला, डोळे मिटले. पडद्यावर करडं धुकं हललं, घट्ट झालं, आणि त्यातून वारणा वर आली. तिचं ते पुढे आलेलं कपाळ, ती जाड वेणी, मागे दगडाच्या भिंतीवर दाट तिरप्या रेघांची सावली. हुबेहूब ‘अंधारवाडी’. सन्मतीच्या हातचं वाटावं असं चित्र, जे तिने कधी काढलंच नव्हतं.

खोलीत आरडाओरडा झाला. एकामागून एक सभासद आत गेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यातून सन्मतीचीच रेघ बाहेर आली.

“बाई, तू आमच्या मेंदूत शिरलीस!” फुगेवाले तिचे खांदे हलवत होते. “नऊ वर्षांत आमची डोकीच रंगवून टाकलीस!”

तिला हसू आवरेना. कुठल्या चित्रकाराला असं बक्षीस मिळालं होतं? पण इरफानच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. तो विचार करत होता.

केंद्राच्या आवारातल्या कडुलिंबाखाली चहा घेताना त्याने तो विचार तिला सांगितला. आडून सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“पुण्याच्या प्रकाशकांना मी आजचे निकाल पाठवले, लगेच त्यांचा फोन आला. पुढच्या वर्षी पत्र्याची खोली न लागणारी घरगुती टोपी बाजारात येतेय. त्यांना ‘अंधारवाडी’चा शेवटचा भाग त्या टोपीसाठी हवाय. नुसतं गद्य. वाचणाऱ्याने वाचायचं, त्याचं चित्र त्याचं तो बघेल. या प्रकारचं पहिलं पुस्तक म्हणून ते आपलं काढणार.”

“आपलं?”

त्याने चहाचा घोट घेतला.

“इरफान, माझं त्यात काय आहे?”

“तुझी रेघ आहे ना. सगळ्यांच्या डोक्यात आहे. आज बघितलंस की.”

“म्हणजे मी एवढं चांगलं काम केलं, की आता माझी गरजच नाही.”

“असं कुठे म्हणालो मी?” त्याने कप खाली ठेवला. “पण एक गोष्ट ऐक. नऊ वर्षं मी तुझ्या चौकटीत मावेल तेवढंच लिहिलं. लांब वाक्य आलं की तू पेन्सिलीने खूण करायचीस, ‘फुग्यात बसत नाही.’ मी कापायचो. कधी तक्रार केली का? हा एक भाग, सन्मती, हा एकच भाग मी न कापता लिहिलाय. आणि तो तुला काढता येत नाहीये. येत असता तर तू पान दाखवलं असतंस.”

त्याचं म्हणणं खरं होतं. तिला बोचलं ते तेच.

“प्रकाशकांना उत्तर कधी द्यायचंय?”

“महिनाअखेर,” तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, “मला हो म्हणायचंय.”

*

सन्मतीने निकालांच्या प्रती मागून घेतल्या आणि सकाळच्या उजेडात टेबलावर पसरल्या. रागाने नव्हे. ज्याने आपली जागा घेतली ते नीट बघावं, एवढ्याचसाठी. हृदयाची झडप बघताना ती बघत असे तसं, एक एक रेघ.

आप्पांच्या मनातल्या वारणामागची सावली तिरप्या रेघांची होती. रेघा वर डावीकडे झुकलेल्या. तिने स्वतःचं जुनं पान शेजारी ठेवलं. तशाच.

मग ती ताडकन उठली आणि चहा सांडला.

उजव्या हाताचा माणूस सावलीच्या तिरप्या रेघा ओढतो तेव्हा त्या वर उजवीकडे झुकतात. मनगट तसंच वळतं. सन्मती डावरी होती, म्हणून तिच्या उलट्या. पण आप्पांनी तर आयुष्यात चित्र काढलं नव्हतं. त्यांच्या मनातल्या सावलीला रेघाच कशाला लागतील? सावली म्हणजे सावली. ती मनात असते तेव्हा तिला पेन्सिल नसते, मनगट नसतं, डावा-उजवा हात नसतो.

त्या रेघा आप्पांच्या मेंदूतल्या नव्हत्याच.

ती तशीच स्कूटरवर बसून केंद्रात गेली.

“वैजू, ओळखपरेडीला तू यांना काय दाखवलंस?”

वैजयंतीचा चेहरा आधी निर्विकार राहिला आणि मग हळूहळू लाल झाला.

“नेहमीचा संच होता गं. फुलदाण्या, कुत्री, खुर्च्या, हजारो फोटो. पण हे लोक बसेचनात! आप्पा म्हणाले, एवढ्या खुर्च्या बघायच्या तर फर्निचरच्या दुकानात जातो. सगळे म्हणाले, ‘अंधारवाडी’ दाखवा, त्याचे आठही भाग आम्ही न कंटाळता बघू. मी म्हटलं, चित्रं ती चित्रं.” तिने कपाळावर हात मारला. “ज्याला फक्त मोडी येते, त्याला काहीही सांग, तो मोडीतच लिहून घेणार. मी यंत्राला तुझ्या रेघेखेरीज दुसरी लिपीच शिकवली नाही.”

“म्हणजे त्यांच्या डोक्यात मी नाही.”

“माहीत नाही. कोणाच्या डोक्यात काय आहे, ते आपण अजून बघितलेलंच नाही!”

चूक सापडल्याची नामुष्की वैजयंतीच्या तोंडावरून केव्हाच गेली होती. तिथे निव्वळ आनंद होता, नवी पेटी उघडायची बाकी असल्याचा.

“या वेळी काळोखाचेही फोटो घाल,” सन्मती म्हणाली. “रात्रीचे, विहिरीतले, कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण ठेवून काढलेले. नाहीतर यंत्राला अंधार माहीतच नसेल आणि आपण पुन्हा फसू.”

*

मंडळाने कुरकुरत खुर्च्या बघितल्या. फुलदाण्या बघितल्या. आप्पांनी कुत्र्यांना नावं ठेवली. मग पुन्हा तोच परिच्छेद, पुन्हा मिटलेले डोळे.

आणि पडद्यावर जे आलं, त्याने माडीवरच्या सगळ्या भांडणांची वरात काढली.

आप्पांच्या काळोखात कंदील होता. विझलेला नव्हे, चांगला पेटलेला, खुंटीला टांगलेला.

“आप्पा! कंदील विझलाय असं लिहिलंय!”

“मग तिला दिसंल कसं?” आतून आप्पांचा आवाज आला.

दुसऱ्याच्या बोगद्यात वरून निळं चांदणं पडत होतं. जमिनीखाली. एका शाळामास्तरांच्या बोगद्याला चक्क ट्यूबलाइट होती. वैजयंती स्वतः आत जाऊन बसली, तर तिची वारणा एखाद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या झगझगीत प्रकाशात चालत होती. माणसं पोट धरून हसत होती. एकानेही अंधार बघितला नव्हता. इरफानने दिवा विझवला होता, आणि प्रत्येक वाचकाने गुपचूप आपापला दिवा आत नेला होता.

“आता लेखक,” कोणीतरी म्हणालं. “लेखकाला तरी दिसला असेल.”

इरफान हसत हसत आत गेला. त्याने स्वतःचीच वाक्यं वाचली, डोळे मिटले. पडद्यावर वारणा आली. पिवळ्या, मऊ उजेडात, नाटकाच्या रंगमंचावर असावी तशी. तिच्या गालावरचा अश्रू चमकत होता.

बाहेर येऊन त्याने ते बघितलं आणि तो हसायचा थांबला.

“मी अंधार लिहिला होता,” तो म्हणाला.

“उजेडात बसून लिहिलास, भावा,” एक फुगेवाला म्हणाला, पण चिडवायची मजा त्यालाही आली नाही.

“आता मी,” सन्मती म्हणाली. तिने बांगड्या काढल्या.

टोपी थंडगार होती. परिच्छेद तिला पाठ होता, तरी तिने सावकाश वाचला आणि डोळे मिटले. दगड ओला होता. चालणं म्हणजे हात पुढे करणं झालं. तिचा तळहात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप उघडला.

“झालं का?” खूप वेळाने तिने विचारलं.

“सन्मती,” वैजयंतीचा आवाज सावध होता. “आंबा आठव बरं.”

तिने आंबा आठवला.

“आईचा चेहरा.”

तिने आई आठवली. कपाळावरची ती बारीक खोक, डाव्या भुवईच्या वर. केव्हा पडली, कशी पडली, सगळं.

ती बाहेर आली तेव्हा पडदा करडा होता. काळा नव्हे, करडा, कोरा. खाली एक ओळ होती, ‘चित्र आढळले नाही.’

“बिघडलं का?” तिने विचारलं.

“नाही.” वैजयंतीने तिचा हात धरला. “तुला डोळे मिटल्यावर काय दिसतं?”

“काही नाही. डोळे मिटल्यावर काय दिसणार?” मग तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “म्हणजे तुम्हाला खरंच दिसतं? लोक म्हणतात ना, डोळ्यांसमोर उभं राहिलं... मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.”

शंभरात दोन-तीन माणसं अशी असतात, वैजयंतीने सांगितलं. त्यांना सगळं आठवतं, सगळं कळतं, पण मनात चित्र उमटत नाही. हा आजार नाही. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, कारण दुसऱ्याच्या डोक्यात डोकावून बघायची सोय नसते.

“पण तू...” इरफान पुढे सरसावला. “नऊ वर्षं तू काढत काय होतीस? वारणाचा चेहरा कुठून आणलास?”

तिने जरा विचार केला. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता.

“काढल्याशिवाय मला दिसत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर काढते.”

आणि तिला एकदम रिकामं वाटलं. उभं आयुष्य चित्रात घालवलं आणि चित्र डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुण्याहून ते टोपीचं पुस्तक निघालं, तर त्यात तिच्यासाठी फक्त करडं पान असेल.

“थांबा, थांबा!” वैजयंती दुसऱ्या पडद्यावर वाकली होती. “हे बघा. मी आतापर्यंत फक्त दृष्टीचं केंद्र बघत होते. टोपी तर सगळ्या मेंदूवर आहे!” तिने बोटाने दाखवलं. डोक्याच्या वरच्या भागात एक पट्टा पेटून निघाला होता. “हे स्पर्शाचं केंद्र. आणि ही जागा तळहाताची. बाकी कोणाचं इथे काहीही हललेलं नाही. सन्मती, ‘दगड ओला होता’ वाचताना तुझ्या मेंदूत हाताला ओल लागलीय. इथे जमलेल्या माणसांत तू एकटी आहेस, जी कंदील न घेता आत गेली!”

सन्मती त्या पेटलेल्या पट्ट्याकडे बघत राहिली.

तीन महिने ती वारणाला बाहेरून काढत होती. वारणाचा चेहरा, वारणाचा पुढे केलेला हात. बाहेरून बघायचं म्हटलं की उजेड लागणारच. अंधारात हात दिसत नसतो. हाताला लागलेला दगड असतो, तेवढाच.

“इरफान,” ती बांगड्या तशाच पर्समध्ये कोंबत म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत हो म्हणू नकोस. मी पान दाखवते.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर तू हो म्हण. मी भांडणार नाही.”

त्याने आतल्या टोपीकडे बोट केलं.

“एक अट,” तो म्हणाला. “पानं मला आधी दाखवायची नाहीत. मी टोपीखाली वाचेन, सगळ्यांच्या समोर. पडदा काळा झाला, तर मी पुण्याला ‘नाही’ म्हणून कळवेन. पिवळा उजेड आला, तर गद्य.”

“कबूल!” ती म्हणाली आणि जिन्यावरून धावतच सुटली.

*

मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर काळा दगड उघडा पडलेला आहे. तिथे ती कागदांची गुंडाळी आणि पेन्सिलीच्या शिशाच्या जाड कांड्या घेऊन गेली. दगडावर कागद ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कांडी आडवी धरून घासायची. दगडाची खरखर, चीर, लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची भोकं, सगळं कागदावर आपोआप येत होतं. डोळे उघडल्यावर ती स्वतः पहिल्यांदा बघायची आणि मोठ्याने ओरडायची. गुराख्यांना वाटलं असेल, बाईला विंचू चावला.

घरी आल्यावर तिने पानं रचली. पूर्ण काळी पानं. प्रत्येक पानावर फक्त एक जागा, तळहाताएवढी, खऱ्या मापाची. वाचणाऱ्याचा हात पुस्तक धरताना नेमका जिथे पडतो, तिथे. वारणाच्या हाताला जे लागलं ते तिथे, बाकी काही नाही. चेहरा नाही, वेणी नाही.

आणि शब्द? तिने फुगे काढायला पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. फुगा म्हणजे बोलणारा कुठे आहे याची खूण. अंधारात कोण कुठे आहे हे ठाऊक नसतं, नुसता आवाज येत राहतो. तिने इरफानची वाक्यं होती तशी घेतली. लांबच्या लांब, वळणं घेत जाणारी, एका पानावरून दुसऱ्यावर सांडणारी. काळ्यावर राखाडी अक्षरांत, बोगद्यासारखी. एकही शब्द तिने कापला नाही. कापायची इच्छाच झाली नाही. वाचताना तिच्या लक्षात आलं, की नऊ वर्षांत आपण याचं वाक्य पूर्ण लांबीचं कधी ऐकलंच नव्हतं.

*

महिनाअखेरीच्या रविवारी केंद्रात मुंगी शिरायला जागा नव्हती. आप्पा छापखाना बंद ठेवून आले होते.

“पोरी, भ्यायलीस का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मी बी. पोथीवाला आसलो तरी.”

इरफान टोपी घालून आत बसला. सन्मतीने बंद लिफाफा वैजयंतीकडे दिला. त्यात पहिली चार पानं होती. पाचवं आणि त्याच्या पुढची, जिथे वारणाचा हात दुसऱ्या हातावर पडतो, ती सन्मतीने मुद्दाम स्वतःच्या हातात ठेवली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दाराच्या छोट्या काचेतून तो दिसत होता. त्याने पहिलं पान उघडलं. त्याची भुवई उंचावली. मग त्याचा उजवा हात सावकाश सरकला आणि त्या दगडावर टेकला. तो वाचत होता, ओठ हलत होते. स्वतःची वाक्यं तो ओळखत होता, आणि ती अख्खी आहेत हे त्याला कळलं तो क्षण सन्मतीला काचेतून स्पष्ट दिसला. तो एकदम ताठ बसला.

दुसरं पान. तिसरं. चौथं.

त्याने डोळे मिटले.

पडद्यावर करडं धुकं हललं. धुकं डावीकडून दाटलं, आणि कडेला एक पिवळट पुंजका उगवू लागला.

“आला उजेड,” कोणीतरी कुजबुजलं.

पुंजका थरथरला, लांबट झाला. आणि विझला. मग सगळा पडदा कडेपासून मध्यापर्यंत काळा होत गेला. करडा नाही, कोरा नाही. काळाकुट्ट. वैजयंतीने दुसऱ्या पडद्याकडे बोट केलं. तिथे तळहाताची जागा लखलखत होती.

छत उडेल असा आवाज झाला. फुगेवाले नाचत होते, पोथीवाले नाचत होते. आप्पा ओरडून सांगत होते, की पानावर वाक्यं किती हायत ते मोजा, ह्यो आमचाच विजय हाय, आणि त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. पन्नास माणसं एका काळ्या पडद्यासमोर टाळ्या पिटत होती.

“गप्प! गप्प बसा, तो काहीतरी बोलतोय!” वैजयंतीने आवाज वाढवला.

इरफानने डोळे उघडले नव्हते. त्याचा एक हात चौथ्या पानावर तसाच होता आणि दुसरा समोरच्या हवेत काहीतरी चाचपडत होता. पुढे काय होतं, वारणाच्या हाताला काय लागतं, हे त्यानेच लिहिलं होतं. तरी ध्वनिक्षेपकातून त्याचा अधीर, घाईला आलेला आवाज आला.

“सन्मती, पुढचं पान कुठंय? अगं, लवकर दे की!”